आसेगावात मीराने विचारलेला प्रश्न

आई गेली तेव्हा मी हॅम्बुर्गमध्ये होते. पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. यंदा डिसेंबरच्या सुट्टीत नवरा म्हणाला, स्पेनला जाऊ. मी म्हटलं, आसेगावला. तिथे आईची धाकटी बहीण, कमलमावशी, राहते. त्याला तेवढी रजा मिळेना, म्हणून मी आणि पाच वर्षांची मीरा दोघीच निघालो.

नागपूरहून गाडी केलीत तर समृद्धी महामार्गाने शेलूबाजारपर्यंत तीनेक तास धरा. डबा बरोबर असू द्या, वाटेत खायचे हाल आहेत. पुढे आम्ही जीपने गेलो. दोन्ही बाजूंना शेंगांनी वाकलेली तूर. रात्री मावशीकडे ज्वारीची भाकर आणि तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी. आईच्या हातची चव, थोडी जास्त तिखट.

दुसऱ्या दिवशी मावशीच्या वासराने ढुशी दिली आणि मीराने भोकाड पसरलं. मी सवयीने तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. तिकडे हॅम्बुर्गला बालवाडीत आई-बाबांना हेच शिकवतात, मुलाच्या भावनेला नाव द्या.

"राग आलाय, भीती वाटतेय, की बाबाची आठवण येतेय?"

"अवं, लेकरू रडून राह्यलं अन् तू त्याची परीक्षा काहून घेऊन राह्यली?" म्हणत मावशीने तिला मांडीवर ओढलं. विचारलं काहीच नाही, नुसती थोपटत राहिली. हुंदके थांबले. आईही अशीच होती. मी उंबऱ्यात बसून बघत राहिले, आणि मला मीराचा हेवा वाटला.

निघायच्या सकाळी मावशी आमच्या पिशवीत शेंगा भरत होती, मान वर न करता. मीराने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "मावशीआजी, तुला आत्ता काय वाटतंय?"

"मले? मले काय वाटन बाप्पा!" मावशी हसली. मीरा हात काढेना. मग मावशीने पिशवी खाली ठेवली. "तुह्या आजीची लय याद येते वं. बहीण होती माही. पन मले कोनी इचारलंच नाही."

खरंच, मीही विचारलं नव्हतं. मी तिला मिठी मारली. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता.

हॅम्बुर्गला सध्या चारलाच अंधार पडतो. दर रविवारी मावशीला फोन लावते, कसं वाटतंय विचारते. आता ती सांगते, कधी गुडघ्यांचं, कधी बहिणीचं. मला मात्र ती एवढंच विचारते, "जेवली का?" मी हो म्हणते. मग बोलायला काही उरत नाही, आणि फोन दोघींपैकी कुणीच ठेवत नाही.