माझा न धुतलेला सदरा

कुत्र्यांच्या शेल्टरमधल्या मावशींनी आठवडाभर आधीच सांगितलं होतं, "घरातलं न धुतलेलं एखादं कापड देऊन ठेवा. तुम्ही निवडलेल्या तांबूला तुमचा वास ओळखीचा होईल." मी माझा जुना सदरा दिला.

आज तांबूला आणायला गेलो, तर पिंजऱ्यात दोन शेपट्या हलत होत्या. तांबूशेजारी एक म्हातारी काळी कुत्री होती.

"ही पण सदऱ्यावरच झोपायची हो," मावशी ओशाळून म्हणाल्या. "माझ्या लक्षातच नाही आलं."

आमच्या दोन खोल्यांत एकच मावणार होता. आपण घामेजलेलं कापड सहज देऊन टाकतो. कुणी त्यालाच घर समजेल, हे कुठे ठाऊक असतं?

तांबूला उचललं. सदरा त्या काळ्या कुत्रीपाशीच राहू दिला. मावशींनी पिंजऱ्याचं दार लावलं, तेव्हा ती सदरा तोंडात धरून उभी होती, निघायच्या तयारीत.