मिलमधून घरी आलेला गोळा

बाबारावसारखा कान आमच्या सिमेंट कारखान्यात दुसऱ्या कुणाला नव्हता, आणि त्या कानाची कशी माती झाली ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मी फुलसिंग. त्याच्याच पाळीतला, आणि वणीजवळच्या आमच्या कॉलनीत त्याचा भिंतीला भिंत लागून शेजारी.

बॉल मिल ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगतो. एसटीपेक्षा लांब असं लोखंडी पिंप आडवं फिरत असतं आणि त्याच्या पोटात पोलादी गोळ्यांचा ढीग. बेलफळाएवढे गोळे खडे फोडतात, सुपारीएवढे त्यांचं पीठ करतात. आत माल कमी पडला की गोळ्यावर गोळा आपटून खणखणाट होतो. माल जास्त झाला की तोच आवाज बसतो, कारण मधल्या मालात गोळ्याचा मार जिरून जातो. बाबाराव दारात पाऊल टाकताच ओरडायचा, "माल कमी करा बे, गोये मुके झाले!" आणि कानाच्या बंदोबस्ताला आम्हाला काय मिळायचं, तर कापूस! आमच्या जिल्ह्यात त्याला काय तोटा? पण कापूस घातला की मिल नीट कळायची नाही, म्हणून हा शहाणा तोही काढून ठेवायचा.

निवृत्तीआधीच तो ठार बहिरा झाला. पुढे साहेबांनी मिलच्या अंगाला आवाज ऐकणारं यंत्र बसवलं. मिलला नवा कान आला, बाबारावच्या कानाची मात्र कुणी साधी चौकशी केली नाही. अजूनही आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. कानाचं मशीन लावून पाहिलं, तर त्याच्या डोक्यात नुसती घरघर.

हाका मारून मारून त्याच्या बायकोचा, कौसल्यावहिनींचा, घसा बसायचा. शेवटी त्यांनीच तोड काढली. मिलवर हाक पोचत नसे, म्हणून आम्ही गोळ्यानं लोखंडी कठडा ठोकायचो. दुसऱ्या टोकाला हात टेकलेल्या माणसाला ते तळहातात कळायचं, हे वहिनींनी बाबारावकडून ऐकलेलं होतं. बाबारावनं आठवण म्हणून आणलेला एक झिजका गोळा वहिनींनी स्वयंपाकाच्या ओट्याच्या कडेला ठेवला. काम पडलं की तो खाली टाकायच्या. पडवीत अनवाणी बसलेल्या बाबारावला तो तळपायात कळायचा. "आलो वं," म्हणत तो लगेच उठायचा. माझी बायको म्हणायची, ऐकू येणारे नवरे इतक्या लवकर उठत नाहीत.

यंदा त्यांच्या मुलानं, संघर्षनं, जुनी शहाबादी काढून घरभर पांढऱ्या टाइल्स बसवल्या. गोळा पडला आणि एका टाइलला तडा गेला. पोराचं तोंड उतरलं. बाबारावला ते दिसलं. त्यानं लगेच ओट्याखाली पोत्याची जाड घडी अंथरली.

"पोराची फरशी फुटाले नाही पाह्यजे," मला बोलावून त्यानं दाखवलं. मीही मान डोलावली.

दुसऱ्याच दिवशी, संघर्ष ड्युटीवर असताना, बाबाराव पडवीत चहाची वाट बघत बसला होता. चहा येईना. बायको रागावली असेल असं समजून तो मुकाट बसून राहिला. बऱ्याच वेळानं आत गेला, तर वहिनी ओट्याशी पडलेल्या. त्याची किंकाळी ऐकून मी धावलो. वहिनींचा हात छातीवर होता, आणि गोळा पोत्याच्या मधोमध. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, लगेच आणलं असतं तर काही करता आलं असतं.

सगळं आटोपल्यावर तो माझ्या पडवीत येऊन बसला. मांडीवर तेच पोतं होतं.

"फुलसिंग, तिनं मले बलावलं होतं," तो म्हणाला. "माल मधात आला का गोया मुका होते. सारी जिंदगी मी हेच सांगत राह्यलो ना बे लोकायले? मंग मले काहून नाही समजलं?"

त्या दिवशी मीही मान डोलावली होती. मी त्याच्या मांडीवरचं पोतं उचलून माझ्या मांडीवर घेतलं.