व्यंकोजीनं भरलेली विहीर

आमचा व्यंकोजी, माझा चुलतभाऊ, फुकट काही जाऊ देणारा माणूस नव्हे. निवृत्त झाल्यावर देवनहळ्ळीत घराला लागूनच असलेल्या पॉलीहाऊसचा तो मॅनेजर झाला. मालक प्रणीत, तिकडे शहरात कोरमंगलात राहणारा पोरगा. तिथं सॅलडचा पाला मातीशिवाय वाढतो, मुळं खताच्या पाण्यात सोडून. पाकिटावर छापलेलं, 'पृथ्वीला भार नाही.'

ते पाणी वरचेवर बदलावं लागतं. आधी नाल्यात सोडत. खालच्या तळ्याला शेवाळ चढलं, मासे मेले, गावकरी भांडायला आले. तेव्हा व्यंकोजीनं अक्कल चालवली. त्याच्या परसातली विहीर कित्येक वर्षं कोरडी होती. तिच्यामागे खड्डा खणला आणि पॉलीहाऊसचा पाइप त्यात सोडला. मातीतून गाळून विहिरीत येईल, असा त्याचा हिशेब. हे त्यानं घरी सांगितलं नाही.

विहिरीला पाणी लागलं. काचेसारखं स्वच्छ. अख्खी गल्ली बघायला आली आणि हा गडी 'पूर्वजांची पुण्याई' म्हणत हात जोडत उभा! सोयराबाई, त्याची बायको, एकदा म्हणाली, "स्वल्प खारट लागतंय हो."

"नवा झरा आहे. सवय होईल," तो म्हणाला.

त्याच सुमारास त्यांची लेक स्मृती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. आमच्याकडे बाळंतीण विहिरीवर जाऊन गंगापूजन करते. इतकी वर्षं नळालाच हळदकुंकू वाहत होतो, यंदा खरी विहीर होती. सोयराबाई आनंदानं रडली. स्मृतीला दूध कमी, म्हणून पावडरचं दूध सुरू केलं. घरच्या गंगेचं पाणी असताना विकतच्या कॅनचं कशाला? नातीसाठी म्हणून सोयराबाई ते निम्मं होईपर्यंत उकळायची.

एके सकाळी पोरीचे ओठ निळे दिसले. दुपारपर्यंत नखंही. येलहंकाच्या दवाखान्यात नेलं तेव्हा ती रडतही नव्हती. संध्याकाळी गेली.

डॉक्टरीणबाईंनी व्यंकोजीला आत बोलावलं. मी बरोबर होतो. पाणी कुठलं, विहिरीजवळ काय आहे, सगळं विचारलं. खड्ड्याचं त्याला सांगावंच लागलं. त्या म्हणाल्या, खतातल्या क्षारामुळे तान्ह्या बाळाचं रक्त प्राणवायू पोचवत नाही. उकळून तो क्षार जात नाही, आणखी दाट होतो.

बाहेर येऊन या माणसानं स्मृतीदेखत बायकोला शेवटचंच वाक्य सांगितलं. "तू उकळलंस ना, त्यानं ते दाट झालं."

बस्स. एवढंच. मला त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं.

स्मृती सासरी निघाली त्या दिवशी सोयराबाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला. पोरीनं तोंड फिरवलं. "तुझ्या हातचं नको, आई."

मला राहवलं नाही. "स्मृती, खताचं पाणी या तुझ्या अण्णानं विहिरीत आणलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्यादेखत सांगितलंय."

स्मृती बापाकडे वळली. सोयराबाईनं तांब्या खाली ठेवला आणि माझ्यावरच कडाडली, "गप्प बसा, भाऊजी! त्यांना काही बोलायचं नाही. उकळलं मीच होतं."

आणि व्यंकोजीनं मान डोलावली.