गाडीत दुसरा माणूस पाहिजे

मी एकदा बायकोला आणि सासऱ्यांना मॅनहॅटनच्या रस्त्यावर उभं करून दुसऱ्या राज्यात निघून गेलो होतो. आमच्या घरी दर दिवाळीला हा विषय निघतो आणि दर वर्षी त्यात माझा एक नवा गुन्हा वाढतो. म्हणून म्हटलं, जे झालं ते एकदाचं लिहूनच टाकावं.

न्यूयॉर्कचे जुळे टॉवर पडले त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आम्ही नदीपलीकडच्या शेजारच्या राज्यात, पिस्कॅटवेला राहायचो. वृषाली, म्हणजे माझी बायको, साताऱ्यात फिजिओथेरपिस्ट होती आणि इथे डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे कामाची परवानगी नसल्याने, तीन वर्षं घरात बसून होती. मॅनहॅटनच्या एका कॉलेजने तिला अॅडमिशनच्या इंटरव्ह्यूला बोलावलं. सकाळी दहाला, ओरिजिनल सर्टिफिकेटं घेऊन. इंटरव्ह्यू हुकला तर थेट पुढच्या वर्षी.

"बसने जाऊ या," वृषाली म्हणाली.

"दारात गाडी असताना बस?" मी म्हणालो. (या एका वाक्याची शिक्षा मी अजून भोगतोय.)

त्या दिवसांत एक नियम होता. शहरात गाड्या कमी याव्यात म्हणून सकाळी दहापर्यंत एकट्या माणसाची गाडी नदीखालच्या बोगद्यातून मॅनहॅटनमध्ये सोडत नसत. गाडीत किमान दोन माणसं पाहिजेत. आम्हाला काय त्याचं? आम्ही तिघं होतो. वृषालीचे वडील, अण्णा, साताऱ्याहून आले होते. रिटायर्ड हेडमास्तर. लेकीची परीक्षा आहे म्हटल्यावर ते घरी थोडेच बसणार.

नऊला आम्ही कॉलेजच्या गल्लीत पोचलो. दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग, बोट शिरायला जागा नाही. आणि अचानक, कॉलेजच्या अगदी समोर, एक अख्खी जागा रिकामी! मला दिसेपर्यंत मी तिच्या पुढे गेलो होतो. मागे ट्रक भोंगा वाजवतोय, रिव्हर्स घ्यायची सोय नाही.

"जावईबापू, थांबवा," अण्णा म्हणाले. "मी जागा धरतो."

ते उतरले, खिशातून रुमाल काढला, झटकला आणि त्या जागेत डांबरावर अंथरून वर उभे राहिले. लग्नाच्या पंगतीत आणि बसच्या खिडकीतून त्यांनी आयुष्यभर अशाच जागा धरल्या होत्या, न्यूयॉर्कने काय घोडं मारलं होतं? एकट्या म्हाताऱ्या माणसाला असं सोडायचं कसं, म्हणून वृषालीही उतरली.

"माझी फाईल दे," ती म्हणाली.

"राहू दे गं गाडीत. एक चक्कर मारून दोन मिनिटांत येतो."

उजवीकडे वळलो. पुन्हा उजवीकडे वळायचं होतं, पण तिथे वळायला बंदी. मग जिकडे सगळे चालले तिकडे मीही. लेन अरुंद होत गेली, दोन्ही बाजूंना भिंती आल्या, वरचं आकाश गेलं आणि पांढऱ्या फरशा सुरू झाल्या. बोगद्यात गाडी वळवता येत नाही. मी अंदाज घेऊन पाहिला.

बाहेर आलो ते नदीपलीकडे, जर्सी सिटीत. सव्वानऊ. फाईल मागच्या सीटवर, घरातला एकुलता एक मोबाइल माझ्या खिशात आणि गाडीत मी एकटा. म्हणजे दहापर्यंत परत जायची बंदी. तीन वर्षं त्या पोरीनं वाट पाहिली होती आणि मी तिची सगळी विद्या पळवून आणली होती. मला खरंच रडू येत होतं.

कामाच्या दिवशी रिकामा माणूस कुठून आणायचा? तेवढ्यात समोरून माकडटोपी, पांढरे बूट आणि हात मागे बांधलेले एक काका येताना दिसले. मुलाकडे सहा महिने राहायला आलेले वडील मैलावरून ओळखू येतात.

मी काच खाली केली. "काका, मराठी का?"

"हो. नागपूर. ठोंबरे."

"मॅनहॅटनला येता का? आत्ता. मला एक माणूस हवाय."

काकांनी मला नीट न्याहाळलं. "चार महिने झाले बाप्पा," ते म्हणाले, "पोरगा म्हणते, या वीकेंडला नेतो. तुम्हीच पहिले विचारलं." मग गाव विचारलं, कॉलेज विचारलं, सासुरवाडी विचारली. "थांबा, कपडे बदलून येतो. मॅनहॅटनला असं जातेत काय?"

दहा मिनिटांनी काका सूट घालून, कॅमेरा आणि चिवड्याचा डबा घेऊन आले.

बोगद्याच्या तोंडाशी पोलिसाने आत डोकावून सहज विचारलं, दोघं एकत्रच ना?

"नो नो," काका प्रामाणिकपणे म्हणाले. "आय डोंट नो हिम. ही पिक्ड मी फ्रॉम द रोड."

गाडी बाजूला घ्यायला लावली. मी फाईल दाखवली, लग्नाची अंगठी दाखवली, बायको पलीकडे उभी आहे म्हणून सांगितलं. पोलिसाच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल नाही, पण बायकोबद्दल दया दिसली. त्याने सोडलं. काकांनी त्याला चिवडा देऊ केला.

दहाला तीन मिनिटं असताना गल्लीत शिरलो. वृषाली फुटपाथच्या कडेला उभी होती. खिडकीतून हात घालून तिने फाईल ओढली आणि कॉलेजात पळाली.

अण्णा रुमालावर तसेच. बाजूला एक पोलीसबाई कपाळाला हात लावून.

"तासभर एक चाक टेकू दिलं नाही," अण्णा म्हणाले. "या बाई केव्हाच्या काहीतरी सांगतायत, पण म्हटलं, आमचे जावई येतायत. आणि पिशवी टेकवायला हा खांबही आहे बघा."

मी खांब पाहिला. लाल रंगाचा, बुटका. आगीच्या बंबाला पाणी द्यायचा नळ! त्याच्यासमोर गाडी लावायला सक्त मनाई. जागा का रिकामी होती ते मला तेव्हा कळलं. अख्ख्या गल्लीत ते न कळलेला मी एकटाच होतो. अण्णांना काय माहीत, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता.

अण्णांना आत घेतलं आणि इंटरव्ह्यू संपेपर्यंत मी नुसता फिरत राहिलो, उजवी लेन टाळत. मागे दोघांचं चिवड्यावरून सातारा-नागपूर जुंपलं होतं. काकांचं मॅनहॅटन तेवढं पाहून झालं.

वृषालीला अॅडमिशन मिळाली. पहिल्या दिवशी लवकर पोचायचं होतं. माझ्या हातातून किल्ली घेऊन ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि शेजारचं दार उघडलं.

"मी कशाला?" मी विचारलं. "तू तर माझ्यापेक्षा चांगली चालवतेस."

"दुसरा माणूस लागतो ना," ती म्हणाली. "पोलीस नुसती माणसं मोजतात. अक्कल विचारत नाहीत."

मी शेजारी बसून पट्टा लावला.