हात धरूनच शिकवीन

गुरुजींनी फेकलेलं ढेकूळ माझ्या भुवईवर बसलं. काळ्या मातीचं ढेकूळ, वाळून दगड झालेलं. त्याची खूण अजून आहे. तिथे केस उगवत नाहीत.

अकोला जिल्ह्यातलं आमचं गाव. शाळा मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात भरायची. सगळी पोरं वर मंडपात आणि मी खाली अंगणात, उन्हात. पहिलीच्या पोरांना अक्षर शिकवायची एक रीत होती. गुरुजी पोराच्या मागे बसायचे, त्याचा हात आपल्या हातात धरायचे आणि धुळीत बोटानं गिरवून घ्यायचे. पाटलाच्या पोराचा हात त्यांनी धरला, तेल्याच्या पोराचा धरला, सोनाराच्या पोराचा धरला. माझी पाळी आली तेव्हा ते मंडपाच्या कडेला आले, एक लांब काठी घेतली आणि वरूनच माझ्यासमोरच्या धुळीत ग काढला.

"काढ," म्हणाले.

मी माझ्या पाटीवर काढला. जसा दिसला तसा. त्यांना तिकडून त्यांचा ग सरळ होता. मला समोरून उलटा दिसत होता. एवढ्याशा पोराला हे काय कळणार? मी उलटा ग काढला, पाटी छातीशी उभी धरून त्यांना दाखवली आणि शाबासकीसाठी मान वर केली. तेव्हा ढेकूळ आलं.

छडीनं मारलं असतं तर छडी बाटली असती. हाताचा तर प्रश्नच नव्हता. म्हणून आमच्यासाठी ढेकळं, मातीला विटाळ नसतो म्हणे. मंडपाच्या कडेला त्यांचा ढीग असायचा. तो ढीग रोज सकाळी रचायचं काम माझ्याकडे होतं. चांगली टणक बघून आणायची. नरम आणली तर दुसऱ्यांदा पाठवायचे.

"या जातीच्या डोक्यात उलटंच शिरते," गुरुजी म्हणाले. पोरं हसली. रक्त डोळ्यात उतरलं होतं, त्यामुळे मला कोण हसतंय ते दिसलं नाही.

रोज हेच. रोज उलटा ग, रोज ढेकूळ. मला हळूहळू वाटायला लागलं, खरंच आपल्या डोक्यात काहीतरी बिघडलेलं आहे. मार मी विसरलो असतो. हे मात्र विसरणार नाही आणि माफही करणार नाही.

एके दुपारी शाळा सुटली. देवळात कोणी नव्हतं. मी मंडपावर चढलो आणि गुरुजी जिथे उभे राहायचे तिथे उभं राहून खाली बघितलं. धुळीत गुरुजींचा ग होता. मला खालून उलटा दिसणारा तोच ग इथून सरळ होता. क्षणात सगळं समजलं. माझं डोकं ठीक होतं. मला बसवलं होतं ती जागाच उलटी होती. मला हसू फुटलं. इतक्या जोरात हसलो की पुजारी धावत आला.

मग माणसं जमली. मला काठ्यांनी ढोसून खाली पाडलं. बापाला वावरातून बोलावून आणलं आणि माझ्यासमोर झोडपलं. तो उठून बसला तेव्हा त्याच्यापुढे त्याचाच जोडा टाकला. "मार पोराले," म्हणाले. "आमी सांगतो तवर मार." बाप मारत होता. रडत होता आणि मारत होता.

पुढे बाप नागपूरहून दीक्षा घेऊन आला. अंगणात मला समोर उभं केलं आणि म्हणाला, "त्या दिवशी मी तुले त्यायच्या सांगण्यावरून मारलं. आता कोनापुढं मान खाली घातली तं माह्या मनानं मारीन." तो एवढंच बोलला. त्यानंतर आमच्या घरानं मेलेली ढोरं ओढली नाहीत. त्यासाठी उपास काढावे लागले, ते काढले.

अमरावतीला मास्तरकीचं शिक्षण घेतलं. नोकरी लागली वलगावच्या पलीकडे, एका खेड्यात. पहिलीचा वर्ग मिळाला. पहिल्याच दिवशी पाटलाच्या नातवाच्या मागे बसलो आणि त्याचा हात धरला. घामेजलेला, ताठरलेला चिमुकला हात. दोनदा ग गिरवला तशी बोटं माझ्या हातात सैल पडली. पोर निवांत झालं. आपल्याला काय मिळालं नव्हतं ते मला तेव्हा कळलं. डोळ्यात पाणी वगैरे आलं नाही. राग आला.

दुसऱ्या दिवशी पाटील दोन गड्यांना घेऊन वर्गाच्या दारात उभा. हातात कुऱ्हाडीचा दांडा.

"मास्तर, तुमी शिकवा. पन पोराले हात नोका लावू. काठीनं दाखवा."

"काठीनं मले शिकवलं होतं, पाटील. तसं उलटं दिसते. मी हात धरूनच शिकवीन."

गड्यांनी मला उंबऱ्याशी आडवं पाडलं. एक छातीवर बसला, दुसऱ्यानं माझा उजवा हात मनगटाशी पकडून उंबऱ्यावर दाबून धरला. पाटलानं स्वतः दांडा घातला. एकदा, दोनदा, परत. सुकी तुराटी मोडावी तसा आवाज आला. वर्गात पोरं बसलेली होती. नातू ओरडत होता.

हात मोडायला मात्र त्यांनी माझा हात धरला. तेव्हा कोणी बाटलं नाही.

ठाण्यातला जमादार म्हणाला, "पायरीवरून पडलो म्हून लिव." मी लिहिलं नाही. खटल्याचं काही झालं नाही. मुख्याध्यापक दवाखान्यात आले, खाली बघत म्हणाले, "बदली घेऊन टाका, मास्तर. मी सायबाशी बोलतो." मी बदली घेतली नाही.

जन्म शाळेत गेला. कापूसवेचणीच्या वावरातून पोरी उचलून वर्गात आणल्या, त्यांच्या बापांशी भांडलो. धारणीकडे कोरकू पोरांना शिकवलं, तिथे शाळेला छप्पर नव्हतं ते गावकऱ्यांबरोबर चढवलं. निवृत्तीला लोकांनी हार घातले, सेवाभावी म्हणाले. सेवा नव्हती ती. तो राग होता. तो एका सकाळी पक्का झाला, ती सकाळ सांगतो.

प्लास्टर गळ्यात अडकवून मी त्या खेड्यात परतलो. तिथल्या आमच्या समाजाची माणसं शाळेबाहेर काठ्या घेऊन बसली, मी त्यांना उठवलं नाही. अर्धा वर्ग रिकामा होता. पाटलाचा नातू आला नव्हता. पाटलाचा एक गडी दाराशी उभा होता. माझं मनगट धरलं होतं तोच.

मी तेल्याच्या पोराच्या मागे बसलो. दाराकडे तोंड करून. डावा हात पुढे केला. पोरानं गड्याकडे बघितलं आणि हात आखडून घेतला. मी तो धरला.

"पाटलाले सांग," मी गड्याला म्हणालो. "हा दुसरा हात हाये. हा बी तोडा. तोवर शाळा चालू राहीन."

मग पोराला म्हटलं, "गिरव."