सर्व्हेअर येणार म्हणून

खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि नदी आईच्या तळमजल्यावरच्या घरात शिरली, तेव्हा आई वरच्या मजल्यावर शेजारणीकडे होती म्हणून वाचली. पाणी ओसरल्यावर मी कोथरूडहून तिच्याकडे गेले. घरभर घोटा बुडेल एवढा गाळ, फ्रिज आडवा पडलेला, गाद्या पाणी पिऊन फुगलेल्या, आणि भिंतींवर खिडकीच्याही वर पाण्याची रेघ. आई दारातच उभी होती. "चपला काढू नकोस," एवढंच म्हणाली. आमच्या घरात हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते.

बाबा गेल्यापासून ती तिथे एकटी राहायची आणि तिला तिथेच राहायचं होतं. माझ्याकडे ये म्हटलं की, "बघू पुढच्या वर्षी," हे उत्तर ठरलेलं. पण आता भावाने बंगळूरहून फोनवर सरळच सांगितलं, "विम्यातून वायरिंग, फरशी, प्लास्टर होत असेल तर आईला राहू दे तिथे. नाहीतर घर विकू आणि तिला तू घेऊन जा." फोन स्पीकरवर होता. आईने सगळं ऐकलं. "घराचा विमा आहे की आपला. होईल सगळं," ती म्हणाली, आणि मलाही तसंच वाटलं.

मी तिला बजावलं होतं, विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन नुकसान बघेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. ती हो हो म्हणाली. तो यायच्या दिवशी मी पोचले तर घर लख्ख! सोसायटीतल्या बायकांना हाताशी धरून तिने गाळ उपसला होता, फरशी फिनेलने पुसली होती, गाद्या भंगारवाल्याला देऊन टाकल्या होत्या. फुगून उललेल्या पलंगावर शेजारणीची इस्त्रीची चादर. भिंतीवरची रेघसुद्धा जमेल तेवढी घासून काढलेली. मी कपाळावर हात मारून घेतला.

"अगं, परका माणूस येणार घरी. त्याला चिखलात उभं करायचं का?"

सर्व्हेअर तरुण होता, बोलण्यावरून विदर्भाकडचा. सकाळपासून घरोघरचा चिखल तुडवून आला होता. आमची फरशी बघून बिचाऱ्याने बूट बाहेर काढले. आईने त्याला शेजारणीच्या कपबशीत चहा दिला, वर बिस्किटं.

"काकू, फ्रिज पूर्ण गेला असंल नं?" त्याने विचारलं.

"जुनाच होता हो. तसाही फार आवाज करायचा."

"अन् हे कपाट? दार लागून नाही राहिलं."

"वाळलं की लागेल."

"वायरिंगचं काय?"

"स्वयंपाकघरातला दिवा लागतो ना."

मी मध्ये तोंड घातलं की आई डोळे वटारायची. त्याने पेन खाली ठेवलं. "काकू, नीट आठवून सांगा. तुमच्याच फायद्याचं आहे."

"पलीकडच्या वस्तीत लोकांचं होतं नव्हतं ते गेलंय. आधी त्यांचं बघा. आमचं ठीक आहे."

जन्मभर तिने दारात आलेल्या माणसापुढे घरातलं उणं काढलं नाही. बाबांचा कारखाना बंद पडला तेव्हाही पाहुण्यांना 'ठीक आहे' एवढंच ऐकायला मिळालं, आणि पाहुणे उठून गेल्यावर ती भाताला फोडणी घालून तेवढ्यावर आमचं जेवण उरकायची. मला त्या क्षणी तिचा संताप आला होता. तिच्या हातातली ती उसनी बशी बघून तो संताप कुणावर काढावा ते कळेना.

जिन्यापाशी मी सर्व्हेअरला गाठलं, पहिल्या दिवशी मोबाइलवर काढलेले फोटो दाखवले. सगळे दारातून, अंधारात काढलेले; त्यात गाळ भरपूर दिसत होता, पण भिंती आणि गाद्या धड दिसत नव्हत्या. "फोटो जोडा ताई," तो म्हणाला, "पण मी जे पाहिलं अन् काकू जे बोलल्या, तेच लिहा लागते मला." त्याचा काही दोष नव्हता.

क्लेम मंजूर झाला तो फ्रिज आणि रंगकामापुरता. मी अर्ज केले, कंपनीच्या ऑफिसचे उंबरे झिजवले, पण भंगारात गेलेल्या गाद्या आणि पुसलेली भिंत पुरावा म्हणून कुठून आणणार? तोवर प्लास्टरचे पोपडे सुटायला लागले. एक दिवस स्विचबोर्डातून ठिणग्या उडाल्या. इलेक्ट्रिशियन म्हणाला, सगळं नवीन केल्याशिवाय इथे कुणी राहू नका. भावाने घराला गिऱ्हाईक बघितलं.

निघायच्या दिवशी सोसायटीतल्या बायका फाटकापर्यंत आल्या. आईने एकेकीला जवळ घेतलं, कुणापुढे डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. रिक्षा पूल ओलांडून डेक्कनकडे वळली. ती मांडीवरच्या पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत बसली होती.

"मी त्या विम्याच्या मुलाला सगळं खरं सांगितलं असतं," तिने रस्त्याकडे बघतच विचारलं, "तर राहता आलं असतं का गं मला तिथे?"

आलं असतं. त्याने तीन वेळा विचारलं होतं.

"छे गं," मी म्हणाले. "काही फरक पडला नसता."

"नाही ना?" ती म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावून पहिल्यांदाच मोठ्याने रडली.