भाकरीआधी

रत्नागिरीच्या बंदरात आगबोटी लागत त्या काळात आमच्या बागेत आंब्याची कलमं बांधायला एक माणूस यायचा. कलमाला दोरी गुंडाळताना त्याच्याशी बोलायचा, "हलू नको हां बाबा." ख्रिस्ती झाला तेव्हा वडिलोपार्जित बागेतला वाटा सोडून आला होता. अजूनही त्या बागेला 'आमची'च म्हणायचा, पण कुरकूर कधी ऐकली नाही. जेवायच्या आधी डोळे मिटून इतकी लांब प्रार्थना करायचा की बघणाऱ्यालाच भूक लागावी.

एकदा दुपारी त्याचा थोरला भाऊ पालीहून आला. बांधावर उभ्यानेच म्हणाला, "हे डोळे मिटणं सोड नि परत ये. अर्धी बाग आजच तुझ्या नावावर करतो."

"बस रे दादा, आधी जेवतो," म्हणत याने डोळे मिटले. तेवढ्यात कावळ्याने पानावरचा भाजलेला सुका बांगडा पळवला.

भाऊ हसला. "बघ, डोळे मिटलेस की असं जातं सगळं."

"भाकरी ठेवलीन की!" म्हणत याने ती मोडली आणि अर्धी भावापुढे धरली.

हा ख्रिस्ती झाल्यापासून भाऊ याच्या हातचं पाणीही पीत नव्हता. मला बघवेना, मी मान वळवली. पुन्हा पाहिलं तर भाऊ बांधावर टेकला होता आणि अर्धी भाकरी त्याच्या हातात होती. बागेचा विषय त्याने परत काढला नाही. याने मात्र परत डोळे मिटले.

"आता आणखी कशाला?" भाऊ वैतागला.

"मघाचं एकट्यापुरतं होतं."